गर्दीतल्या मुली कुठे आहेत? ॲनिमेशनपट करणाऱ्यांना खुले पत्र

मुलांसाठी ॲनिमेशनपट लिहिणाऱ्या, चितारणाऱ्या, दिग्दर्शित करणाऱ्या आणि त्यात पैसा घालणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या माध्यमात काहीही आपोआप पडद्यावर येत नाही. कॅमेरा घेऊन रस्त्यावर उभं राहिलं, तर समोर जे असेल ते टिपलं जातं. कोण आलं, कोण गेलं, यावर दिग्दर्शकाचा पुरता ताबा नसतो. ॲनिमेशनमध्ये मात्र झाडाचं पान हलायचं असेल, तरी ते आधी कुणीतरी ठरवावं लागतं. मग ते काढायचं, रंगवायचं, आणि चार जणांनी बघून त्याला होकार द्यायचा. बाजारातला फेरीवाला, वेशीवरचा पहारेकरी, पाठीमागच्या घोळक्यातला बिननावाचा माणूस, यांतलं कुणीही चुकून तिथे आलेलं नसतं. त्यामुळे तुमच्या चित्रपटांत मुली आणि बायका इतक्या कमी का, असं विचारल्यावर ‘जगच तसं आहे’ हे उत्तर मला पटत नाही. ते जग तुम्ही कोऱ्या कागदावर काढलेलं असतं.

राजकन्यांबद्दल मी फार बोलणार नाही. त्यांच्यावर गेली तीस-चाळीस वर्षं भरपूर लिहिलं-बोललं गेलंय, आणि तुम्ही त्यातलं बरंचसं मनावरही घेतलंत. राजपुत्र येईपर्यंत निपचित पडून राहणारी नायिका आता सहसा दिसत नाही. तुमच्या मुली तिरंदाजी करतात, होडी घेऊन खोल समुद्रात जातात, लग्न न करता गोष्ट संपवतात. याचा मला खरोखर आनंद आहे. माझं गाऱ्हाणं त्यांच्या आजूबाजूच्या माणसांबद्दल आहे. नायिका एकटीच बदलली. तिचा खोडकर सोबती, तिचा गुरू, वाटेत भेटणारा ठक, दारावरचा शिपाई, हसवणारा मित्र, विक्षिप्त शास्त्रज्ञ हे सगळे होते तिथेच राहिले, आणि त्यांतले जवळजवळ सगळे पुरुष आहेत.

२०१६ मध्ये कार्मेन फॉट आणि कॅरन आयझनहॉवर या दोन भाषा-अभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यापटांतले संवाद मोजून काढले. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये स्त्री आणि पुरुष पात्रांचं बोलणं साधारण निम्मं-निम्मं निघालं. १९५० च्या ‘सिंड्रेला’त बायकांचा वाटा ६० टक्के, १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त तर ७१ टक्के. पुढे १९८९ मध्ये ‘द लिटिल मरमेड’ आला, नायिका बंडखोर झाली, बापाला उलट बोलू लागली, आणि पुरुषांचे संवाद ६८ टक्क्यांवर गेले. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मध्ये (१९९१) ते ७१ टक्के झाले, ‘अलादीन’मध्ये (१९९२) ९०, ‘पोकाहॉन्टस’मध्ये (१९९५) ७६ आणि ‘मुलान’मध्ये (१९९८) ७७. दोन बहिणींची गोष्ट म्हणून गाजलेल्या ‘फ्रोझन’मध्येही (२०१३) ५९ टक्के बोलणं पुरुषांचं आहे.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा ते उलटसुलट छापले गेलेत की काय, अशी शंका आली. जुन्या, सोशिक नायिकांच्या चित्रपटांत बायका जास्त बोलतात आणि नव्या, धीट नायिकांच्या चित्रपटांत कमी, हे कसं? नीट पाहिलं की उलगडा होतो. जुन्या गोष्टींत सावत्र आई होती, सावत्र बहिणी होत्या, तीन पऱ्या होत्या. त्या भल्या असोत की दुष्ट, एकमेकींशी बोलत होत्या, भांडत होत्या, कट रचत होत्या, केक बिघडवत होत्या. नव्या गोष्टींत नायिकेला धीटपणा दिला आणि तिची सगळी संगत काढून घेतली. जलपरीभोवती खेकडा, मासा आणि समुद्रपक्षी, तिघेही पुरुष. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या वाड्यातल्या बोलणाऱ्या वस्तूंत मुख्य सोबती पाहा: मेणबत्तीदाणी आणि घड्याळ पुरुष, चहाची किटली तेवढी बाई, आणि तीही आई. मुलानच्या बरोबर ड्रॅगन, रातकिडा आणि सैन्यातले तीन दोस्त. दुसऱ्या एका मोजणीत तर मूशू या ड्रॅगनचे शब्द खुद्द मुलानपेक्षा निम्म्याने जास्त भरले. देशासाठी चिलखत चढवून रणांगणावर गेलेल्या मुलीपेक्षा तिच्या विनोदी सोबत्याला जास्त बोलायला मिळालं!

फॉट आणि आयझनहॉवर यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, ती तुमच्या बाजूची आहे म्हणून सांगते. स्त्री पात्रांचं कौतुक कशाबद्दल होतं, हे त्यांनी तपासलं. जुन्या चित्रपटांत ५५ टक्के कौतुक रूपाचं होतं आणि कर्तबगारीचं फक्त ११ टक्के. अलीकडच्या चित्रपटांत रूपाचं २२ टक्क्यांवर आलं आणि कर्तबगारीचं ४० टक्क्यांवर गेलं. म्हणजे मनात आणलं की तुम्हाला जमतं.

गर्दी पुरुषांची असण्याचा परिणाम मला सगळ्यांत जास्त जाणवतो तो चित्रपट संपल्यानंतरच्या खेळात. मुलं गोष्ट पाहून सोडून देत नाहीत, ती गोष्ट खेळतात. चार मुलगे आणि चार मुली मिळून एखादा चित्रपट खेळायला लागले की मुलग्यांना निवड असते. कुणी शूर होतो, कुणी मूर्ख, कुणी लबाड, कुणी सदा झोपाळू. मुलींच्या वाट्याला एकच सोंग, आणि त्या एका सोंगासाठी चौघींची ओढाताण. जिला ते मिळतं तिने हुशार, धाडसी आणि देखणं, सगळंच असायचं. उरलेल्या तिघी मांजर होतात, नाहीतर बाजूला बसून बघतात. ‘मुलींचं एकमेकींशी पटतच नाही,’ असं मग मोठी माणसं म्हणून मोकळी होतात. चौघींपुढे जागा एकच ठेवलेली होती, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

अमेरिकी लेखिका कॅथा पॉलिट यांनी १९९१ मध्ये या प्रकाराला ‘स्मर्फेट तत्त्व’ असं नाव दिलं. निळ्या बुटक्या स्मर्फांच्या गावात प्रत्येक स्मर्फाचा काहीतरी स्वभाव आहे: एक हुशार, एक चिडका, एक आळशी, एक कवी. स्मर्फेटचा स्वभाव एवढाच, की ती मुलगी आहे. बेल्जियन चित्रकार पेयो यांनी १९६६ मध्ये तिला गोष्टीत आणलं तेही कसं, तर दुष्ट जादूगार गार्गामेल स्मर्फांमध्ये भांडणं लावायला तिला घडवतो. आधी ती काळ्या केसांची आणि नकोशी असते, पुढे केस सोनेरी झाल्यावर सगळ्यांना आवडू लागते. मुलींचं आख्खं गाव असू शकतं, हे पडद्यावर यायला २०१७ चा ‘स्मर्फ्स: द लॉस्ट व्हिलेज’ उजाडला. पन्नास वर्षं शंभर जणांत मुली जेमतेम एक-दोनच राहिल्या.

आणि तुम्हाला हे कळत नाही, असंही मी म्हणणार नाही. ‘रॅटाटुई’ (२००७) हा स्वयंपाक करणाऱ्या उंदराचा चित्रपट मला फार आवडतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क घेते. त्यातली कोलेट ही हॉटेलच्या स्वयंपाकघरातली एकमेव बाई. नवख्या लिंग्विनीला ती सुनावते, की इथे तुला किती बायका दिसतात? हे सगळे नियम म्हाताऱ्या पुरुषांनी बायकांना आत येऊ न देण्यासाठी केलेत, आणि तरी मी इथे उभी आहे, कारण या स्वयंपाकघरात माझ्याइतकं चिवट कुणी नाही. किती खरं आहे ते! घराघरांत रोजचं रांधणं बायकांकडे, आणि त्याच कामाला मान आणि मानधन मिळू लागलं की बायका दिसेनाशा होतात, हे त्या एका संवादात नेमकं आलंय. पण संवाद झाला आणि चित्रपट पुढे गेला. स्वयंपाकघरात दुसरी बाई आली नाही. गोष्टीतले महत्त्वाचे उंदीर तीन: रेमी, त्याचा भाऊ आणि त्याचे वडील. प्रेरणा देणारा दिवंगत शेफ पुरुष, खलनायक पुरुष, ज्याचं मन जिंकायचं तो समीक्षकही पुरुष. इतकी वर्षं घाम गाळलेल्या कोलेटने शेवटी त्या नवशिक्या मुलाच्या आणि त्याच्या उंदराच्या पाठीशी उभं राहायचं. लिहिणाऱ्याला अन्याय दिसला होता. तो नायिकेच्या तोंडी घातला आणि पात्रयादी तशीच ठेवली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता प्राण्यांकडे येते. बोलणारे प्राणी हा तुमचा हातखंडा, आणि इथे तर तुम्हाला कुणाचीच आडकाठी नाही. मुंग्यांचंच घ्या. वारुळात अन्न आणणाऱ्या, बोगदे खणणाऱ्या, पिल्लं सांभाळणाऱ्या, लढणाऱ्या मुंग्या सगळ्या माद्या असतात. नर थोडे, थोड्या दिवसांचे, आणि त्यांचं काम राणीशी मीलन एवढंच. १९९८ मध्ये मुंग्यांवर दोन मोठे चित्रपट आले, ‘अँट्झ’ आणि ‘अ बग्ज लाइफ’. दोन्हींत कष्टकरी नायक नर. वेगळा विचार करणारा तो, यंत्रं बनवणारा तो, वारूळ वाचवणारा तो. मादीच्या वाट्याला दोन्हीकडे राजकन्या होणं आलं. २००७ च्या ‘बी मूव्ही’मध्ये मध आणायला जाणाऱ्या माशा म्हणजे पिळदार अंगाचे गडी आहेत आणि नायकाला नांगी आहे. खऱ्या पोळ्यात मध गोळा करतात त्या माद्या, पोळं राखतात त्या माद्या, आणि नराला नांगी नसतेच.

हत्तींच्या कळपाचं नेतृत्व वयस्क हत्तीण करते. पाणी कुठे आहे, कोणत्या वाटेने जायचं, धोका कुठला, हे तिला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने माहीत असतं आणि कळप तिच्या मागे जातो. १९६७ च्या ‘द जंगल बुक’मध्ये कळपाचा प्रमुख कर्नल हाथी आहे. त्याची बायको विनिफ्रेड चिडून म्हणते की आता सूत्रं मी हातात घेते, तर तो उसळतो, ‘माझ्या कळपाचं नेतृत्व एका मादीने करायचं?’ आणि प्रेक्षकांनी त्यावर हसायचं असतं. कहर म्हणजे २००६ चा ‘बार्नयार्ड’. त्यात गोठ्यातल्या नायकाचा आवाज, वागणं, प्रेमप्रकरण सगळं पुरुषाचं, आणि पोटाखाली कास लोंबते. नायक नर हवा हे इतकं पक्कं होतं की गाईचं शरीरच त्याला देऊन टाकलं.

मुलांच्या चित्रपटात प्राणिशास्त्र शिकवा, असं माझं म्हणणं अजिबात नाही. प्राणी कपडे घालतात, गाणी म्हणतात, मोटार चालवतात, ते सगळं मला मान्य आहे आणि हवंही आहे. माझा प्रश्न एवढाच, की ही मोकळीक दर वेळी एकाच दिशेने का जाते? निसर्गाने ज्यांना माद्या केलं त्या कष्टाळू, शूर, कळप चालवणाऱ्या प्राण्यांना तुम्ही नर करता. उलटं झाल्याचं उदाहरण शोधावं लागतं. आणि ज्या प्राण्याला, यंत्राला किंवा भांड्याला तुम्ही मादी ठरवता, तिला लगेच लांब पापण्या, गुलाबी ओठ आणि बारीक कंबर येते. पापण्या नसलेला प्रत्येक जण नर, असं चार वर्षांचं मूल बिनचूक सांगतं. हे त्याला कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं, ते तुमच्या चित्रांतून त्याने उचललेलं असतं.

चेहऱ्यांचंही तसंच. पुरुष पात्रं काढताना तुमच्या चित्रकारांचा हात किती मोकळा असतो! चौकोनी जबडा, लांबलचक नाक, पिंपासारखं पोट, काडीसारखे पाय, टक्कल, बाहेर आलेले दात. तरुण बायका मात्र एका साच्यातून काढल्यासारख्या: गोल मोठे डोळे, इवलं नाक, डोळ्याहून बारीक मनगट. भीती, संताप, रडू, काहीही असो, तिचा चेहरा विद्रूप होऊ द्यायचा नाही हे ठरलेलं. रडून नाक लाल झालेली, रागाने तोंड वेडंवाकडं करणारी मुलगी मुलांना रोज आसपास दिसते, पडद्यावर तेवढी दिसत नाही.

आणि कुणी वेगळी मुलगी काढलीच, तर नंतर तिला सुधारून घेतलं जातं. ‘ब्रेव्ह’ची (२०१२) गोष्ट तुम्हाला माहीत आहेच, पण वाचकांसाठी सांगते. पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १९९५ चा. तिथपासून मोजत तेरावा चित्रपट म्हणजे ‘ब्रेव्ह’, आणि त्यात पहिल्यांदा मुलगी मुख्य भूमिकेत आली. ब्रेंडा चॅपमन यांनी ही गोष्ट स्वतःच्या आणि मुलीच्या नात्यातून उभी केली. २०१० मध्ये, काम अर्ध्यावर असताना, त्यांना दिग्दर्शनातून बाजूला केलं गेलं आणि चित्रपट मार्क अँड्र्यूज यांनी पूर्ण केला. २०१३ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं तेव्हा दोघांचीही नावं होती. त्याच वर्षी ‘ब्रेव्ह’ची नायिका मेरिडा हिला राजकन्यांच्या अधिकृत मालिकेत घेताना तिचं नवं चित्र काढण्यात आलं. कंबर बारीक, गळा खोल, विस्कटलेले केस विंचरलेले, आणि धनुष्य गायब! दोन लाखांवर लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, चॅपमन स्वतः जाहीरपणे बोलल्या, आणि ते चित्र संकेतस्थळावरून हटलं. मुलीने धनुष्य हातात घेण्यावर बेतलेला चित्रपट, आणि खेळण्यांच्या दुकानापर्यंत जाताना नेमकं धनुष्यच काढून घ्यावंसं कुणाला तरी वाटलं.

वयस्क बायकांबद्दल थोडंच बोलते, कारण बोलावं इतक्या त्या आहेतच कुठे? आई बहुधा गोष्ट सुरू होण्याआधी किंवा पहिल्या काही मिनिटांत जाते. म्हातारी उरली तर ती चेटकीण, आणि तिचा गुन्हा बहुतेक वेळा वय वाढणं हाच असतो. स्नो व्हाइटची सावत्र आई कुरूप म्हातारीचं रूप घेऊन विष द्यायला येते. २०१० च्या ‘टँगल्ड’मधली गोथेल तारुण्य टिकवण्यासाठी लेकरू पळवते. म्हाताऱ्या पुरुषाला मात्र फुगे बांधून घरासकट उडता येतं. ‘अप’मध्ये (२००९) दूरच्या धबधब्यापाशी जायचं स्वप्न त्याच्या बायकोचं, एलीचंही होतं, किंबहुना आधी तिचंच होतं. ती सुरुवातीलाच जाते आणि प्रवास तिच्या नवऱ्याच्या वाट्याला येतो. ती सुरुवात पाहताना मीही रडले आहे. तरी मनात येतंच, की एलीने कार्लची आठवण घेऊन उडायला काय हरकत होती? २०१६ च्या ‘मोआना’तली आजी पाहिली तेव्हा म्हणूनच इतकं बरं वाटलं. नाचणारी, चेष्टा करणारी, मरणाला न घाबरणारी, आणि नातीला समुद्राकडे ढकलणारी.

हे पत्र मुलग्यांच्या वतीनेही आहे. ज्या चित्रपटात मुली दिसत नाहीत, त्यात मुलग्यांनाही काही कमी पडतं. रडणं, घाबरणं, कुणाची तरी काळजी घेणं, हे नायकाने चित्रपटाच्या शेवटी ‘मात करून’ मागे टाकायचं असतं. सौम्य आवाजाचा, हातवारे करणारा, नीटनेटका पुरुष दिसला की मुलं ओळखतात, हा खलनायक. १९९०च्या दशकातले खलनायक आठवून पाहा. शिवाय नायकाला बक्षीस म्हणून कर्तबगार मुलगी मिळते, ही नवी चाल आता पार रुळली आहे. ती त्याच्याहून तरबेज असते, लहानपणापासून शिकलेली असते. तो परवा आलेला असतो. ती त्याला चार गोष्टी शिकवते, मग तोच निवडलेला निघतो आणि ती टाळ्या वाजवते. ‘कुंग फू पांडा’मधली (२००८) वाघीण टायग्रेस आठवा. आयुष्यभर सराव केला तिने, आणि मान मिळाला आकाशातून पडलेल्या पो नावाच्या पांडाला. मला पो आवडतो. पण या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलाला काय वाटत असेल? आपण फक्त हजर व्हायचं, बाकी सगळं मिळणारच. आणि शेजारी बसलेल्या मुलीला?

एक गोष्ट तुमच्या क्षेत्राच्या इतिहासातली. आज उपलब्ध असलेला जगातला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट १९२६ चा आहे, ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स आख्मेद’. काळ्या कागदातून कात्रीने आकृत्या कापून, सावल्यांच्या खेळासारखा तो जर्मनीत केला लोटे रायनिगर या बाईंनी. म्हणजे हे माध्यम पुरुषांनी उभं केलं आणि बायका मागाहून आल्या, असं म्हणायला जागा नाही. तरी १९३८ मध्ये नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एका तरुणीला डिस्नेच्या स्टुडिओने कळवलं, की पडद्यासाठी व्यंगचित्रं तयार करण्याचं सर्जनशील काम इथे स्त्रिया करत नाहीत, ते तरुण पुरुषच करतात. बायकांनी काय करायचं, तर पुरुषांनी काढलेली चित्रं पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवायची आणि रंग भरायचे. हजारो चित्रं, न चुकता, न थरथरता. त्याच स्टुडिओत रेट्टा स्कॉट यांना ‘बाम्बी’साठी (१९४२) ॲनिमेटर म्हणून श्रेय मिळालं, तिथे असं श्रेय मिळालेल्या त्या पहिल्या बाई. त्यांनी काय काढलं होतं, ठाऊक आहे? हरिणीच्या मागे लागलेली शिकारी कुत्र्यांची टोळी. त्या चित्रपटातली सगळ्यांत भयंकर दृश्यं त्यांच्या हातची आहेत. बायका आल्या तर सगळं गोडगोड होईल, ही भीती अजून कुणाला वाटत असेल, तर त्यांनी ती कुत्री एकदा बघावीत.

यावर पैसा घालणाऱ्यांचं म्हणणं मला पाठ आहे. मुली मुलग्यांचे चित्रपट बघतात, मुलगे मुलींचे बघत नाहीत. ‘रापुन्झेल’ हे नाव बदलून ‘टँगल्ड’ केलं गेलं आणि चोराची भूमिका वाढवली गेली, ती याच हिशेबाने. पण तीनच वर्षांनी ‘फ्रोझन’ने जगभरात १२० कोटी डॉलरहून अधिक कमावले. २०२४ मध्ये ‘इनसाइड आउट २’ने १६० कोटी डॉलर ओलांडले, आणि ती एका तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात घडणारी गोष्ट आहे. तिथे आनंद, दुःख, मत्सर, चिंता ही सगळी स्त्री पात्रं आहेत, आणि त्या एका मुलीचं भलं कशात आहे यावरून हमरीतुमरीवर येतात. मुलगे ते बघायला गेलेच ना? मुलग्यांना मुलींच्या गोष्टी आवडत नाहीत, ही सवय त्यांना लावली कुणी? नायिकेच्या चित्रपटाची जाहिरात गुलाबी रंगात करायची, खेळणी ‘मुलींची’ म्हणून वेगळ्या फळीवर ठेवायची, आणि मग मुलगे तिकडे फिरकत नाहीत म्हणून खेद करायचा, हे मला प्रामाणिक वाटत नाही.

मला काय हवंय ते समजायला एक चित्रपट पुरेसा आहे. १९८९ चा, जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’. तेरा वर्षांची छोटी चेटकीण किकी घर सोडून अनोळखी शहरात जाते आणि वस्तू पोचवायचं काम सुरू करते. तिच्याभोवती कोण आहे पाहा. आई औषधं बनवते. बेकरीची मालकीण ओसोनो दिवस भरत आलेले असतानाही दुकान सांभाळते. उर्सुला जंगलातल्या खोपीत एकटी राहून चित्रं काढते. एक प्रेमळ वृद्ध बाई आहे, आणि तिची फटकळ नातही आहे, जिला आजीच्या भेटवस्तूचं काही वाटत नाही. किकीची उडण्याची शक्ती जाते तेव्हा उर्सुला तिला सांगते की आपल्यालाही मध्यंतरी चित्र काढता येईना. एका कलावंत बाईने दुसरीला सांगितलेली ही कामातली अडचण आहे. त्यात पुरुष आहेत, तोम्बो हा मित्र आहे, त्याचे प्राण किकी वाचवते. पण किकीला मोठं होऊन काय व्हावंसं वाटलं, तर बघायला पाच-सहा वेगवेगळ्या बायका आसपास आहेत. चित्रपट यावर एक शब्द बोलत नाही. त्याने ते जग तसं काढलं, इतकंच.

आणि युनिसेफची ‘मीना’ ही ॲनिमेशन मालिका. १९९०च्या दशकात भारतीय ॲनिमेटर राम मोहन यांच्या चमूने ती रंगवली. मीना ही त्यातली मुलगी. भावाला शाळेत पाठवतात, तिला नाही, म्हणून ती मिठू पोपटाला शाळेच्या खिडकीशी धाडते आणि तो शिकून आलेले आकडे गिरवते. त्याच आकड्यांनी कोंबड्या मोजताना एक कमी भरते आणि चोर सापडतो. साध्या चित्रांत केलेली गोष्ट. पण तिच्यात मुलगी हिशेब करते, आई-वडील बदलतात, भाऊ तिच्या बाजूने उभा राहतो. एवढं सगळं काही मिनिटांत बसतं.

आता मागणं. अभिनेत्री जीना डेव्हिस यांनी २००४ मध्ये या विषयावर संस्था काढली. कौटुंबिक चित्रपटांतल्या गर्दीत बायका जेमतेम १७ टक्के असतात, हे त्या वारंवार सांगत आल्या आहेत. त्यांनीच सुचवलेला उपाय इतका सोपा आहे की तो अजून सगळ्यांनी का उचलला नाही, हे मला कळत नाही. पटकथा हातात घ्यायची आणि काही पात्रांची नावं बदलून मुलींची करायची. संवाद तेच, विनोद तेच, काम तेच. आणि जिथे ‘गर्दी जमते’ असं लिहिलंय, तिथे ‘त्यात निम्म्या बायका’ एवढं जोडायचं. याला पैसे लागत नाहीत, गोष्टही बदलावी लागत नाही. त्यात माझी थोडी भर. नावं बदलताना शहाणी, कर्तबगार पात्रंच तेवढी निवडू नका. धांदरट पहारेकरीण करा. बढाया मारणारी सागरी लुटारू करा. सदा झोपाळू, चिडकी, विसरभोळी मुलगी करा, जिच्यावर हसता येईल आणि जिच्या रूपाचा उल्लेखही होणार नाही. मुलींना आदर्श पुष्कळ मिळाले. त्यांना चुका करणारी, पसारा करणारी, तरीही गोष्टीत मानाने राहणारी पात्रं मिळालेली नाहीत. आणि एखादा हळवा मुलगा करा, जो शेवटपर्यंत हळवाच राहील.

हे सगळं तुम्ही करता की नाही, ते आम्हाला कळायलाही हवं. पुढचा चित्रपट प्रदर्शित कराल तेव्हा नाव असलेली पात्रं किती, त्यांतल्या मुली आणि बायका किती, एकूण संवादांत त्यांचा वाटा किती, आणि पटकथा, स्टोरीबोर्ड, दिग्दर्शनात बायका किती, हे चार आकडे जाहिरातीबरोबर छापा. अभ्यासकांना ते बसून मोजावे लागतात, तुमच्याकडे संवादांची संहिता तयारच असते. पहिला स्टुडिओ कोण पुढे येतो, याची वाट पाहते आहे.

आपली,
मुलांच्या शेजारी बसून तुमचे चित्रपट मनापासून पाहणारी एक प्रेक्षक